तिसरी वेळ

होर्ताच्या बंदरासमोर, रेडिओ केंद्राच्या तळघरात,
जिथे पूर्वी पाव भाजायचे,
मी जुन्या फिती उतरवून घेते संगणकावर.
सहाशे बारा फिती, शाई उडालेली खोकी.
सगळ्या उतरल्या एकाच आठवड्यात,
आणि यंत्रानं साळसूदपणे लिहून टाकलं
की या सगळ्यांचा जन्म यंदाच्या मार्चातला.
व्हेल दिसल्यावर उडवलेला बाण, बिशपचं प्रवचन,
बटाट्याचे भाव, गावबँडचा बेसूर झालेला सराव:
सगळी एका वयाची, जुळी भावंडं.

म्हणून काळ्या पडद्यावर लिहायचं : टच, वजा टी,
मग वर्ष महिना दिवस तास मिनिट
एका दमात, मध्ये श्वास न घेता,
मग फाइलचं नाव. एंटर.
यंत्र काही बोलत नाही.
काम नीट झालं की ते गप्प बसतं, माझ्या आईसारखं.
फाइल उघडत नाही, आतला आवाज हलत नाही,
नुसता हात लावायचा
की ती चाळीस वर्षांनी मोठी होते.

सत्तर सालाच्या आधीच्याही आहेत.
यंत्राचं जग सुरू होतं त्या वर्षीच्या एक जानेवारीला,
त्याआधीचं सगळं उणे.
ज्वालामुखीच्या राखेत बुडालेलं आमचं दीपगृह
उणे अडतीस कोटी सेकंदांच्या तळाशी.

तारखा सांगायला एदुइनु गुलार येतो.
निवृत्त निवेदक, ऐंशीच्या पुढचा, टोपी मांडीवर.
त्याला वर्षं आठवत नाहीत, वारा आठवतो.
"हा नैर्ऋत्येचा. म्हणजे फेरी आली नाही,
म्हणजे पोस्ट नाही, म्हणजे मी चिडलेलो. ऐक."
आणि खरंच, आवाज चिडलेला असतो.

चारशे सातव्या फितीत तो समुद्राचा अंदाज वाचतोय.
लाटा चार मीटर. मागे कुठेतरी फोन वाजतोय.
लाटा पाच मीटर, पहाटेपर्यंत. फोन वाजतोय.
मग वाजायचा थांबतो.

"दहा तारीख लाव," तो म्हणाला.
खोक्यावर नऊ होती. नऊ नोव्हेंबर, त्र्याऐंशी.
"अक्षर तुमचंच आहे ना?"
"अक्षर माझंच आहे."
टोपीची कड तो अंगठ्यानं घासत राहिला.
इलदा तेव्हा पलीकडे पिकोला होती, बहिणीकडे.
"अंदाज संपवून उचलू म्हटलं.
दहाला वाजलेला फोन कुणाचाही असू शकतो."

मी दहा लावली. एंटर. यंत्र गप्प.

इथे मीही गप्प बसायला हवं होतं.
पण मी सांगितलं : फाइलला वेळा तीन असतात.
शेवटची कधी वाचली, आतलं कधी बदललं,
या दोन आपल्या हातातल्या.
तिसरी, तिच्या नोंदीला हात कधी लागला त्याची.
ती यंत्र स्वतः लिहितं. तिला टच चालत नाही.

त्यानं चष्मा लावला. पडद्यावर बोट टेकवलं.
आज, बारा बावन्न.
"आता तर अकरा बावन्न झालेत."
"सर्व्हर लिस्बनच्या वेळेवर आहे."
"लिस्बन," तो म्हणाला, जसं एखाद्या व्याह्याबद्दल बोलावं.

बराच वेळ वर कुणाच्या तरी खुर्चीची चाकं.

"आणि परत नऊ केली तर?"
"तर तिसरी वेळ पुढे सरकेल."
"मी दोनदा बदलली, असं दिसेल?"
"नाही. शेवटचंच राहतं."

पिकोहून येणाऱ्या फेरीनं भोंगा दिला.
तो उठला, टोपी घातली, पुन्हा काढली.
"लाव नऊ."

मी लावली. नऊ नोव्हेंबर, एकवीस चाळीस.
खाली तिसरी वेळ : आज, बारा अठ्ठावन्न.
त्याच्या आधीची सहा मिनिटं,
ज्यांत तो फोन कुणाचाही होता,
कुठेच लिहिलेली नाहीत.